बहिणीची भिंत आणि माझ्या चार तसबिरी

डहाणूच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा माझी ट्रंक हमालाच्या डोक्यावर होती. ती खाली पडली असती तरी मला फारसं काही वाटलं नसतं. तिच्यात पुस्तकं होती आणि दोन सदरे. माझा सगळा जीव हातातल्या गाठोड्यात होता. त्यात चार तसबिरी होत्या, काचेच्या, लाकडी चौकटीच्या. मध्ये भाताचा पेंढा भरून आणि वरून माझं दुसरं धोतर गुंडाळून मी त्या बांधल्या होत्या. आगगाडीत त्या मांडीवर घेतल्या होत्याच. पुढे जव्हारपर्यंतच्या दोन दिवसांच्या बैलगाडीतही खाली ठेवल्या नाहीत. चाक दगडावरून उतरलं की मी गाठोडं वर उचलून धरी.

गाडीवान मागे वळून म्हणाला, "मास्तर, बाळंतीण पोर धरते तसं धरलंय. मुलगा का मुलगी?"

"तसबिरी आहेत," मी म्हणालो.

"मग जपा. रडायला लागल्या तर पाजाल काय?"

मला राग आला नाही. त्या दिवसांत मला कशाचाच राग येत नव्हता. कॉलेजला सुटी लागली होती, बहिणीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं, आणि साखरशेतच्या आमच्या घरात, जिथे माझ्या आधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, तिथे मी दिवाणखाना करणार होतो. शिरपामाळावर गाडीवानानं बैल सोडले तेव्हा मी गाठोडं उघडून चारही काचा मोजल्या. एकही तडकली नव्हती. मी एकटाच हसलो.

दिवाणखाना हा शब्द मी मुंबईत शिकलो. जव्हार दरबारच्या शिष्यवृत्तीवर मी तिथे कॉलेजात जात होतो आणि एका कारकुनाच्या बिऱ्हाडात राहत होतो. कारकुनाच्या पत्नीला मी काकू म्हणत असे. काकूंच्या बाहेरच्या खोलीत सात तसबिरी होत्या. दर शनिवारी काकू तसबिरी पुसत आणि मी स्टूल धरून उभा राही. सुरुवातीला माझ्या तोंडून 'पानी' निघालं की त्यांची मुलं हसत. काकू मात्र हसत नसत. त्या मला भिंतीवर तसबिरी लावायला शिकवत.

"मोठी मधे," त्या म्हणत. "लहान दोन्हीकडे. वरच्या कडा एका रेषेत हव्यात, खालच्या नसल्या तरी चालतं. आणि दारातून आत येणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडला पाहिजे. नाहीतर तसबीर म्हणजे नुसती खुंटीवरची टोपी."

हे मी भूमितीच्या सिद्धांतासारखं वहीत उतरवून घेतलं होतं. पुढच्या पानावर आमच्या घरातल्या, दारासमोरच्या भिंतीचा नकाशा काढला होता. आठवणीनं मापं घातली होती, हातांत आणि वितींत. मधोमध आमच्या महाराजांची तसबीर. ती मला जव्हारच्या शाळेत बक्षीस म्हणून मिळाली होती आणि मुंबईत मी तिला चौकट बसवून घेतली होती. डावीकडे बाजारातून आणलेली लक्ष्मी. उजवीकडे वादळात सापडलेलं तीन डोलकाठ्यांचं जहाज. हे काकूंनी दिलं. चौथी तसबीरही काकूंचीच. तिच्यात एक गोरी बाई मांडीवर कुत्रा घेऊन बसली होती. "हिलाही ने," काकू म्हणाल्या होत्या. "आमच्या सासूबाईंना हिचं तोंड बघवत नाही."

घरी पोहोचलो तेव्हा बहीण दारातच होती. तिनं माझा हात धरून मला आत ओढलं. "दादा, आधी भिंत बघ."

आमचं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपायच्या, की झाली भिंत. दारासमोरची ती मोठी भिंत बहिणीनं स्वतः सारवली होती. आधी जुनी माती खरवडली, मग नवी लावली, मग वरून हात फिरवला, असं चार दिवस चाललं होतं. तिच्या बोटांच्या कमानी भिंतभर उमटल्या होत्या.

"एक तरी भेग दिसते का?" तिनं विचारलं.

"छान झालीय," मी म्हणालो. "इथंच महाराज बसतील."

ती हसली. तिला ती थट्टा वाटली.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती भिंत कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. चौकात देवी बसते. नवरीला हळद लागते ती चौकासमोर. धवलेरी, म्हणजे आमच्याकडे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणते ती चौकाकडे तोंड करून. चौक नसेल तर लग्न लागत नाही. असे किती तरी चौक मी लहानपणी पाहिले होते. पण मुंबईत दोन वर्षं काढल्यावर ते मला पिठाच्या रेघा वाटू लागले होते. त्या कणगीशेजारच्या बाजूच्या भिंतीवरही ओढता येतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. वहीत त्या भिंतीवर लहानसा चौकोन काढून 'चौक' असं लिहिलंही होतं.

आई म्हणाली, "तुझी आत्या येऊ दे. ती सांगेल कुठं टांगायच्या ते."

"आत्याला काय कळतंय तसबिरीतलं?" बा म्हणाले. "पोरगा शिकून आलाय. मोखाड्याची मानसं येतील ती बघत राहतील." नवरा मोखाड्याकडचा होता. मोखाडा म्हणजे इंग्रजी हद्द आणि आम्ही संस्थानातले. बांना त्या हद्दीपलीकडच्या लोकांना काहीतरी दाखवायचं होतं. मलाही.

मी आत्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि बहीण मोहाची फुलं वेचायला रानात गेल्या आणि मी वही काढली.

कारवीच्या भिंतीत खिळा ठोकला की काठी चिरते आणि माती सुटते, हे मला ठाऊक होतं. तेवढा मी शहरी झालो नव्हतो. म्हणून मी खळ्यातली युक्ती केली. मळणीच्या खळ्यात मधला खांब रोवायचा तर जागेवर पाणी ओततात, माती मऊ होते, खांब आत जातो आणि उन्हानं घट्ट बसतो. मी भिंतीला चार ठिकाणी लोट्या-लोट्यानं पाणी पाजलं, बराच वेळ, अगदी मनापासून. मग बांबूच्या खुंट्या हळूच आत सरकवल्या. एकही भेग पडली नाही. मी माझ्यावरच खूश झालो. खळ्याखाली धरणी असते आणि ती प्यायलेलं पाणी जिरवते. भिंतीच्या मातीला मागे नुसत्या काठ्या, ती ते पाणी नेणार कुठे, हा विचार माझ्या मनात आला नाही.

तिन्हीसांजेपर्यंत चारही तसबिरी लागल्या. वरच्या कडा एका रेषेत. मी दारातून आत आलो, बाहेर गेलो, परत आत आलो. दहा वेळा तरी आलो असेन. दर वेळी महाराजांचा डोळा माझ्या डोळ्याला भिडत होता. मी ओरडूनच बांना हाक मारली. बा आले, त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखे उभे राहिले.

मग पाड्यावरची माणसं यायला लागली. एका म्हाताऱ्यानं महाराजांना वाकून मुजरा केला आणि मग कुत्रेवाल्या बाईलाही केला. "राणीसाहेब," तो म्हणाला. मी त्याला सांगायला गेलो, पण बांनी डोळ्यांनी खुणावून गप्प केलं.

बहीण जहाजापुढे उभी राहिली. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. "एवढं पानी असतं?" तिनं विचारलं.

"ह्याहून पुष्कळ."

"आन् ही बोट बुडते का मग?"

"माहीत नाही. चित्रात तरी वाचलीय."

ती मग हलकेच म्हणाली, "दादा, माझा चौक कुठं?"

मी कणगीशेजारची भिंत दाखवली. तिनं तिकडे पाहिलं. चुलीच्या धुरानं ती भिंत काळी झाली होती. मग ती केरसुणी घेऊन तिथली जाळी काढायला लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माणसं येत होती आणि मी प्रत्येकाला वादळ, डोलकाठी, मुंबई असं सगळं समजावून सांगत होतो.

आत्या आली ती लग्नाच्या दोन दिवस आधी, दुपारी. बांची ही मोठी बहीण. तिच्या हातच्या चौकासाठी आसपासच्या पाड्यांतून बोलावणी येत. तिनं पिठाची पुरचुंडी आईच्या हातात दिली, आत आली, भिंत पाहिली. आत्या मधल्या खांबाला पाठ टेकून जमिनीवर बसली आणि तिनं वर पाहिलं.

"काय दिसतं, आत्या?" मी उत्साहानं विचारलं.

"आढं दिसतं," ती म्हणाली. "आन् छपराची भोकं. लक्षुमीच्या तोंडावर तीन भोकं आहेत. पावसाच्या आधी शाकारून घ्या म्हनावं."

मी तिच्याशेजारी बसलो. खरंच की! उभं राहिल्यावर डोळ्याला डोळा भिडत होता. खाली बसलं की मान मोडेपर्यंत वर पाहावं लागे आणि काचेत छपराचे कवडसे चमकत. काकूंच्या घरी खुर्च्या होत्या. आमच्या घरात मीच एकटा उभं राहून भिंत पाहत होतो. बाकी सगळं जग खाली बसून जेवत होतं, बोलत होतं, तांदूळ निवडत होतं. चार दिवसांत एकानंही मला ते सांगितलं नव्हतं. सगळे माझ्यासाठी उभे राहिले होते.

आत्या उठली, भिंतीपाशी गेली आणि महाराजांच्या चौकटीखाली तिनं तळवा ठेवला. मग बोटांनी ठोकलं. ढब् असा आवाज आला, रिकाम्या भोपळ्यासारखा.

"भिंतीला पानी कोनी पाजलं?"

मी उत्तर देईपर्यंत तिला उत्तर कळलं होतं. "उतरव," ती म्हणाली. "हळू."

बाई उतरवली, जहाज उतरवलं, लक्ष्मी उतरवली. महाराजांना हात लावला आणि खुंटी माझ्या हातात आली. तिच्यामागून सुपाएवढी माती सुटली, तिच्यामागून आणखी, आणि बघता बघता भिंतीचा मधला सगळा भाग खाली बसला. कारवीच्या काठ्या बरगड्यांसारख्या उघड्या पडल्या. महाराज माझ्या छातीशी होते. धुरळा खाली बसला तेव्हा दारात बहीण उभी होती, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन.

तिनं घागर खाली ठेवली. "चार दिवस सारवली होती, दादा."

एवढंच. मला वाटलं, तिनं मला शिव्या द्याव्यात.

बा डोक्याला हात लावून बसले. आत्यानं जे सांगितलं ते तिनं आवाज न चढवता सांगितलं. "फुटक्या भिंतीवर चौक लिहीत नाय. ओलीवरही नाय, पीठ पसरतं. उद्या दुपारी लिहायला बसलो तर सांजेला पुरा होईल. परवा सकाळी मोखाड्याची मानसं दारात. चौक नसला तर धवलेरी तोंड उघडनार नाय. वऱ्हाड आलं तसं परत जाईल, आन् ह्या पोरीचं नाव दोन्ही हद्दींत खराब होईल."

"कणगीशेजारी..." मी पुटपुटलो.

"तिथं चार वर्षांचा धूर बसलाय. धुरावर देवी बसवू?"

बहिणीनं पदर खोचला आणि माझ्याकडे पाहिलं. "बसलास काय? चिखल कोन आनील?"

मी उठलो. मुंबईचा सदरा काढून फेकला आणि टोपली घेऊन ओढ्याकडे पळालो. ओढा आटला होता, पण काठाची चिकट माती खणली की ओल लागत होती. डोक्यावर टोपली, अंगावर ओघळणारा चिखल, अशा मी किती खेपा केल्या ते आठवत नाही. पाड्यावरची माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली.

"कालेजात हेच शिकवतात का रं?"

"पहिला नंबर आलाय त्याचा. चिखलात!"

"राणीसाहेबांना सांगा, त्यांचा दिवान पळतोय!"

मी पळतच होतो. अंगणात बहिणीनं मातीत शेण आणि भाताचं तूस मिसळलं आणि आम्ही दोघं ती तुडवायला लागलो. लहानपणी शेतात चिखल तुडवायचो तसंच. माझा पाय घसरला आणि मी सपशेल बसलो. बहिणीच्या नाकातून आवाज आला, मग ती हसायला लागली ती थांबेचना. तिचं हसू ऐकलं आणि मला वाटलं, आता होईल. काही झालं तरी होईल.

"पानी कमी," आत्या आतून म्हणाली. "पाजायचं ते त्यानं पाजून झालंय."

सूर्य मावळायच्या आत बहिणीनं भिंत लिंपली. ते काम तिनं कुणालाच करू दिलं नाही. मी गोळे करून देत होतो, ती दाबून बसवत होती.

सकाळी उठल्याबरोबर मी भिंतीपाशी गेलो. कडा वाळल्या होत्या, पण मधला भाग तसाच काळपट. आत्यानं तळवा ठेवला आणि मान हलवली. "गार आहे."

बा म्हणाले, "घमेल्यात निखारे ठेवू."

"भडकेल नाय तर तडकेल. ऊन पाहिजे. ऊन घरात कुठं येतं?"

त्याच वेळी मला ते दिसलं. छपराच्या एका भोकातून उन्हाचा एक कवडसा आत आला होता आणि भिंतीवर, ओल्या भागाच्या थोडा बाजूला, रुपयाएवढा पडला होता. तेवढीच जागा उजळली होती, पांढुरकी झाली होती. मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की कोंबड्या फडफडत बाहेर पळाल्या.

"बा, छप्पर उघडा! आत्या म्हणालीच आहे शाकारायचं. आत्ताच उघडा!"

बांनी माझ्याकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं आणि ते वर चढले. छप्पर गवताचंच होतं, जुनं, पावसाआधी काढायचंच होतं. बांनी एका ठिकाणचा पेंढा उचलला. ऊन धबधब्यासारखं आत आलं आणि थेट कणगीवर पडलं.

"कुठं पडलं?" बांनी वरून विचारलं.

"कणगीवर!"

"कणगी वाळलेलीच आहे!"

मी वही उघडली. पण वहीतल्या नकाशात ऊन नव्हतं. मग सुचलं. तसबिरी सरळ लावण्यासाठी आणलेली दोरी काढली. तिचं एक टोक बहिणीला भिंतीच्या ओल्या भागावर धरायला सांगितलं आणि दुसरं टोक हातात घेऊन दोरी उन्हाच्या पट्ट्याशी समांतर होईपर्यंत मी मागे मागे सरकलो. दोरी छपराला जिथे लागेल तिथून ऊन आलं पाहिजे. कॉलेजात शिकलेली एक गोष्ट त्या घरात पहिल्यांदाच उपयोगी पडत होती. मी काठीनं आतून छपराला ढोसलं.

"बा, इथं! मोखाड्याकडं दोन हात!"

"इंग्रजी हद्दीत पाठवतोस का मला?" बा वरून म्हणाले, पण सरकले. पेंढा उचलला गेला. आणि ऊन बरोबर भिंतीच्या मध्यावर पडलं.

आम्ही सगळे एकदम ओरडलो. आई स्वैपाक टाकून आली. बघता बघता ओल्या मातीतून वाफ निघायला लागली, अगदी बारीक, दोऱ्यासारखी. बहिणीनं सूप घेतलं आणि वारा घालायला लागली. शेजारच्या दोघी आपापली सुपं घेऊन आल्या. सूर्य वर चढत होता तसा उन्हाचा पट्टा खाली घसरत होता, आणि मी दोरी धरून ओरडत होतो, "डहाणूकडं एक हात! आणखी एक!" बा छपरावर समुद्राच्या दिशेनं सरकत होते. कालची थट्टा करणारी माणसं अंगणात जमून बांना तेच ओरडून सांगत होती. दुपार होईतो बा भिंतीच्या अगदी डोक्यावर आले होते आणि आमच्या घराचं अर्धं छप्पर अंगणात पडलं होतं.

आत्या पुढे आली. तिनं तळवा ठेवला, उलटा हात ठेवला, मग गाल टेकवला.

"लिहू," ती म्हणाली.

भिंतीला गेरूचा हात लागला आणि लागताच वाळला. आत्या आणि दोघी सवाशिणी भिंतीसमोर बसल्या. बांबूच्या काडीची टोकं दातांनी चावून त्यांनी मऊ केली. मी दोरी घेऊन उभाच होतो. "आत्या, चौकाच्या कडा सरळ याव्यात म्हणून धरू का?"

"तुझ्या दोरीनं ऊन आनलं, ते पुष्कळ झालं," आत्या म्हणाली. "चौकाला दोरी लागत नाय. खाली बस."

मी खाली बसलो. आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदाच चौक लिहिताना नीट पाहिला. आत्या बराच वेळ नुसती भिंतीकडे पाहत होती. बसूनच. मग तिनं चौकाची खालची कड ओढली, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या बेतानं. देवी बसली ती बरोबर आमच्या डोळ्यांसमोर. आत नवरी येऊन पाटावर बसेल तेव्हा तिच्या डोळ्यालाही देवीचा डोळा भिडेल, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. काकूंचा नियम आत्यालाही ठाऊक होता. फक्त तो तिनं बसून केला होता. देवीच्या कडेनं फणी, शिडी, सूर्य, चंद्र आणि घोड्यावरची नवरा-नवरी यायला लागली. कड कुठे कुठे किंचित वाकली होती. पण पूर्ण झाल्यावर ती मला माझ्या एका रेषेतल्या चार चौकटींपेक्षा सरळ वाटली. वरून उघडं आभाळ होतं. एवढ्या उजेडात लिहिलेला चौक मी तरी त्याआधी पाहिला नव्हता. पांढरं इतकं पांढरं दिसत होतं की डोळे दिपत होते.

सांजेला चौकावर कापड सोडलं आणि आत्या हात पुसत मला म्हणाली, "आता तुझी मानसं आन."

माझी माणसं म्हणजे तसबिरी. आत्यानं त्या ओटीवर नेल्या आणि खुंटीबिंटी काही न ठोकता, वरच्या वाशांना सुंभानं टांगल्या. प्रत्येकीला दोन सुंभ, वरची कड थोडी पुढे झुकलेली, आणि इतक्या खाली की घोंगडीवर बसलेल्या माणसाला समोर याव्यात. मी बसून पाहिलं. काचेत ना आढं ना कवडसा. नुसते महाराज.

"मोठी मधे लावतात," मी चाचरत म्हणालो.

"मोठा मानूस दाराशी बसतो. येनाऱ्यानं आधी त्याला रामराम करावा." लक्ष्मी आतल्या बाजूला, धान्याकडे तोंड करून गेली. कुत्रेवाल्या बाईकडे आत्यानं बराच वेळ पाहिलं. "हिला एकटी ठेवू नका. पान्याच्या मडक्यांजवळ लावा, तिथं बायका बसतात."

जहाज उरलं. "हे?"

"हे राहू दे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोखाड्याचं वऱ्हाड आलं. म्हातारी माणसं ओटीवर टेकली आणि मुजरा कुणाला करायचा यावरून आमच्या पाड्यावरच्या त्या म्हाताऱ्यानं त्यांना राणीसाहेबांची सगळी हकीगत सांगितली. ती त्यानं कुठून आणली देव जाणे. धवलेरी आत आली, तिनं आधी वर पाहिलं.

"छप्पर कुठं गेलं?"

"देवीला ऊन पाहिजे होतं," आत्या म्हणाली. "मागितलं तिनं. देनार नाय का?"

धवलेरीनं भिंतीवरचं कापड सरकवलं. बहीण पाटावर बसली होती, हळद लागायची होती. तिनं मान वर केली नाही, करायची गरजच नव्हती. देवी समोर होती. धवलेरी खाली बसली आणि तिनं गाणं धरलं. बा दारात उभे होते. आवाज ऐकताच ते तिथेच जमिनीवर बसले.

निघायच्या वेळी मी बहिणीच्या हातात जहाज दिलं, त्याच पेंढ्यात आणि त्याच धोतरात गुंडाळून. ती चकित झाली.

"टांगू कुठं? तिकडची भिंत कशी आहे मला काय माहीत."

"भिंतीवर नको. वाशाला. दोन सुंभ, वरची कड पुढं."

"खाली बसून दिसंल अशी," ती म्हणाली. "ते मला सांगू नको. ते मला आधीच माहीत होतं." मग तिनं विचारलं, "पान्याजवळ लावली तर चालेल?"

"चालेल. बोटच आहे."

बैलगाडी मोखाड्याच्या वाटेला लागली. ती गाठोडं मांडीवर घेऊन, वरचं धोतर सोडून जहाज बघत बसली होती. उतारावर चाक दगडावरून खाली आलं आणि तिनं ते दोन्ही हातांनी वर उचललं. गाडीवान मागे वळून तिला काहीतरी म्हणाला. काय ते ऐकू आलं नाही, पण ती हसली. मी धावत गाडीमागे गेलो आणि ओरडलो, "काचेवर अंगठा ठेवू नको!"

तिनं अंगठा उचलून मला दाखवला. पिवळा होता, हळदीचा. काचेवर त्याचा ठसा नक्कीच उमटला असेल.